नागपूरच्या उन्हाळ्यासाठी मोजके कपडे: आकडा धुण्याच्या दोरीवरून काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूर, स्कूटरवरून रोज आठ-नऊ किलोमीटर जाणं-येणं, सोमवार ते शनिवार एसी ऑफिस, आठवड्यातून दोनदा धुणं, इस्त्री बाहेर. कपाट भरलेलं, तरी मार्चअखेर घालायला काही सापडत नाही. मग उन्हाळ्यापुरतं कॅप्सूल वॉर्डरोब, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या मोजक्या कपड्यांचा संच, करायचं तर कपडे किती, कोणते आणि कोणत्या रंगांचे?

पांढरा शर्ट, ट्रेंच कोट, निळी जीन्स अशा तयार याद्या आधी बाजूला ठेवा. 'कॅप्सूल वॉर्डरोब' हा शब्द 1970 च्या दशकात लंडनच्या सूझी फॉ यांनी रूढ केला, आणि 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या डोना करन यांनी सात कपड्यांचा संच आणला. दोन्ही गावं थंड. त्यातली एकच गोष्ट आपल्या कामाची: प्रत्येक कपडा निदान दुसऱ्या दोघांशी जुळला पाहिजे. बाकी हिशेब आपल्या उन्हाचा आणि आपल्या दोरीचा.

आकडा असा निघतो. आठवड्यातून दोनदा धुणं म्हणजे दोन धुण्यांमधलं मोठं अंतर चार दिवस. उन्हाळ्यात कुर्ता एकदाच घालून होतो, त्यामुळे चार कुर्ते. इस्त्रीवाला दोन दिवस ठेवतो, म्हणून आणखी दोन. एक राखीव. झाले सात. खालचे कपडे घरीच झटकून वाळवले, इस्त्रीला दिले नाहीत तर चार अधिक एक, पाच पुरतात. इस्त्री घरी करत असाल तर कुर्तेही पाचांवर येतील. धुणं आठवड्यातून एकदाच असेल तर नवांच्या खाली जाऊ नका. 'किती असावेत' याचं सगळ्यांना लागू होणारं उत्तर म्हणूनच नसतं.

सुरुवात मात्र कुर्त्यांपासून करू नका. जवळजवळ प्रत्येक कपाटात कुर्ते उदंड असतात आणि त्यांच्याखाली घालायला दोनच धड गोष्टी, त्यातली एक लेगिंग. लेगिंग उन्हाळ्यात बाद. लायक्रा असलेलं घट्ट कापड मांडीला चिकटून बसतं, हवा खेळत नाही, आणि स्कूटरच्या तापलेल्या सीटवर त्याचा त्रास दुप्पट. जीन्सही नको, घाम पिते, लवकर वाळत नाही. पाच खालच्यांमध्ये दोन ऑफ-व्हाइट, दोन इंडिगो किंवा नेव्ही निळ्या आणि एक मातकट किंवा खाकी ठेवा. तीन सरळ पँट, दोन मध्यम घेराचे पलाझो. फार घेराचा पलाझो स्कूटरवर पायात येतो, तो घरी बरा. कापड जरा भरीव कॉटन हवं, मलमलीची पँट बसल्या-उठल्या गुडघ्यात फुगते आणि आरपार दिसते. नेफ्यात पुढे सपाट पट्टी, मागे इलॅस्टिक. पूर्ण इलॅस्टिक कमरेभोवती घामोळं आणतं.

इथे पांढऱ्याचा एक घोळ. पांढरे तीन असतात: शुभ्र, ऑफ-व्हाइट आणि क्रीम. दुकानातल्या दिव्याखाली तिन्ही सारखे दिसतात, उन्हात एकमेकांशेजारी मळकट वाटतात. एकच निवडा आणि कापड दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघा. ऑफ-व्हाइट घेतलात तर नीळ बंद. निळीने शुभ्र उजळतं, ऑफ-व्हाइट राखाडी पडतं.

आता सात कुर्ते. तीन प्रिंटेड, तीन एकरंगी, एक पांढऱ्यावर भरतकाम किंवा चिकनकारी, जो मीटिंगलाही चालेल. प्रिंट निवडायची सोपी अट अशी की त्यात तुमच्या पँटच्या तीन रंगांपैकी निदान एक असलाच पाहिजे. बगरू, दाबू, अजरख या ठशांच्या छपाईंत इंडिगो, गेरू आणि पांढरा आपोआप येतात, म्हणून ते उन्हाळ्याच्या संचात चपखल बसतात. एकरंगीत मध्यम राखाडी, आकाशी आणि फिकट खाकी टाळा. घामाचा ओला डाग सर्वात जास्त याच रंगांवर उठून दिसतो. पांढऱ्यावर, गडद निळ्यावर आणि बारीक प्रिंटवर तो लपतो. खरेदीच्या आधी सातही कुर्ते पलंगावर मांडून एकेका पँटशेजारी धरा. एकाच पँटशी जमणारा कुर्ता कितीही सुंदर असला तरी या संचाबाहेर.

कापडाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण फसगत इथेच होते. 'प्युअर कॉटन' म्हणून रेयॉन सर्रास विकलं जातं. हाताला गार लागतं, अंगावर छान पडतं, पण घाम पिऊन जड होतं, लोंबतं, धुतल्यावर आटतं आणि दोन महिन्यांत मुंढ्यात उसवतं. धागा जाळून बघायची युक्ती इथे अपुरी पडते. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो, ते लगेच कळतं. पण कॉटन आणि रेयॉन दोन्ही जळलेल्या कागदासारखाच वास देतात. त्यांच्यातला फरक पाण्याने कळतो. कडेचे दोन धागे काढा, एक ओला करून ओढा, एक कोरडाच ओढा. रेयॉन ओलं झालं की कमकुवत होतं, चटकन तुटतं. कॉटन ओलं झालं की उलट जास्त चिवट होतं.

कुर्त्याला केंब्रिक, म्हणजे घट्ट विणीचं पातळ कॉटन, उत्तम. दुकानात 'साठ-साठ' म्हणून मागितलं तरी मिळतं. अंगावर अस्तर लागत नाही. मलमल त्याहून हलकी, पण पारदर्शक, तिला अस्तर मलमलीचंच किंवा व्हॉइलचं लावा. शिंपी हाताशी असलेलं टेरीकॉटचं (पॉलिस्टर मिसळलेलं) अस्तर लावून देतात आणि बाहेरून मलमल, आतून भट्टी असा प्रकार होतो, म्हणून अस्तर स्वतः नेऊन द्या. बाह्यांना अस्तर नको. मंगलगिरी हे आंध्रचं हातमागाचं कॉटन टिकाऊ आहे, दोन-तीन धुण्यांनंतरच खरी मऊ होते. लिनन गुणाने चांगलं, पण स्कूटरवरून उतरेपर्यंत त्याचा चुरगाळा होतो आणि किंमतही जास्त. या संचात त्याच्यावर पैसे घालू नयेत असं माझं मत.

शिवून घेणार असाल तर 44 इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड 42 इंच लांब, पाऊण बाहीच्या कुर्त्याला पुरतं. सरळ पँटला सव्वादोन. शिवायच्या आधी कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवा. हातमागाचं कॉटन पहिल्या पाण्यात तीन ते पाच टक्के सहज आटतं, म्हणजे 42 इंची कुर्ता दोन इंच वर जाऊ शकतो. कापड भिजवलं आणि अस्तर नाही भिजवलं, तर पहिल्या धुण्यात अस्तर आटून खालच्या घेराला चुण्या पडतात, आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. छातीच्या मापात चार इंच ढिलाई सांगा, शिवणीत इंचभर माया. घट्ट कुर्ता घामाने पाठीला चिकटतो, हँडल धरायला हात पुढे केला की सगळा ताण मुंढ्यावर येतो आणि शिवण तिथेच जाते. कट नितंबाच्या वर सुरू व्हावेत, नाहीतर स्कूटरवर बसताना कुर्ता वर चढतो. बंद गळा नको, मागचे लटकन तर मुळीच नकोत, ते हेल्मेटखाली टोचतात.

आता उन्हाचं. बिनबाह्यांचा कुर्ता 'थंड' असतो हा समज मुंबईत थोडा खरा, नागपुरात खोटा. त्वचेचं तापमान साधारण 35 अंशांच्या आसपास असतं. बाहेर 43 असताना अंगावर येणारा वारा तुम्हाला थंड करत नाही, तापवतो. म्हणून उघडं अंग म्हणजे जास्त उष्णता. सैल, पूर्ण झाकणारं कॉटन आत घाम वाळायला जागा ठेवतं आणि कोरड्या हवेत घाम भराभर वाळतो. थंडावा तिथून येतो. ओली ओढणी डोक्याला बांधायची जुनी रीत याच कारणाने इथे चालते. मुंबईच्या दमट हवेत ती नुसती ओली राहते.

त्यामुळे सनकोट हा या संचाचा खरा कणा आहे, आणि तो यादीत कोणी धरतच नाही. दोन घ्या, पूर्ण कॉटनचे, एक घालायला एक धुवायला. गुडघ्याखालपर्यंत लांब, बाही बोटांच्या मुळापर्यंत येणारी, कुर्त्यावरून सहज चढेल इतका सैल. फिकट रंग, पण पांढरा नको. कॉलरच्या मागे धुराची काळी रेघ पडते आणि ती निघत नाही. स्कार्फ तीन, मलमलीचे, दोन मीटर लांब. हा रोजच्या रोज धुवावा लागतो, नाहीतर हनुवटीवर पुरळ येतं. सनकोट आहे म्हटल्यावर कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंतच्या चालतात.

ऑफिसात दुसरंच संकट. घामाने ओलं अंग घेऊन 24 अंशांच्या एसीत बसलं की दहा मिनिटांत पाठ गार पडते. एक पातळ कॉटनचा श्रग, पँटच्या तिन्ही रंगांवर जाईल असा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कायमचा ठेवून द्या. सोबत एक जादा स्लिप. पोचल्यावर ओली स्लिप बदलली तर कुर्ता तोच असला तरी फरक पडतो. स्लिपा सात हव्यात, कॉटनच्या, त्वचेच्या रंगाच्या. पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरी स्लिप लख्ख दिसते, त्वचेच्या रंगाची दिसत नाही.

ओढण्या दोन पुरे: एक ऑफ-व्हाइट, एक प्रिंटेड. साड्या दोन, कोटा किंवा मंगलगिरी, परकर कॉटनचाच. सॅटिनचा परकर साडीचा सगळा फायदा घालवतो. लग्नसराई असल्याने तिसरी हवीच असेल तर संध्याकाळसाठी विदर्भाचीच करवत काठी टसर काढा, पण ब्लाउजला आतून घाम शोषणारे पॅड लावून. घामाने रेशमाचा रंग उडतो आणि तो परत येत नाही. दुपारच्या लग्नाला रेशमाच्या वाटेला जाऊ नका.

धुण्यात दोन-तीन गोष्टी नडतात. नवा इंडिगो किंवा अजरख अंगावर चढवण्याआधी ओला पांढरा रुमाल त्यावर दहा वेळा घासा. रुमाल निळा झाला तर तो कुर्ता ऑफ-व्हाइट पँटवर अजून नको; तीन-चार वेळा वेगळा धुऊन पुन्हा बघा. मिठात भिजवून रंग पक्का होतो हे खरं नाही, सुटा रंग फक्त धुऊन निघतो. काखेतले पिवळे डाग नुसत्या घामाचे नसतात. घाम रोखणाऱ्या डिओडरंटमधलं ॲल्युमिनियम आणि घाम मिळून ते होतात. त्यावर क्लोरीन ब्लीच टाकलं तर ते आणखी पिवळे पडतात. पांढऱ्या कॉटनला ऑक्सिजन ब्लीच कोमट पाण्यात घालून तासभर भिजवा. गडद कुर्त्यावर घाम वाळून उमटणारी पांढरी नक्षी हे मीठ आहे. त्याच संध्याकाळी साध्या पाण्यातून काढला तरी जातं. वाळवताना सगळं उलटं करून, सावलीत. मे महिन्यात तसंही दोन तासांत वाळतं, भर उन्हात टाकून रंग कशाला घालवायचा?

स्टार्च फक्त साड्यांना, तोही पातळ. कडक साडी अंगापासून सुटी राहते, ते चांगलंच. कुर्त्याला मात्र नको, विणीतली भोकं बुजतात.

मुंबई, कोकण किंवा गोव्यात कोणी हा हिशेब वापरणार असेल तर कुर्ते दोन वाढवा, कारण दमट हवेत वाळायला वेळ लागतो आणि दिवसातून दोनदा बदलावं लागतं. केंब्रिकऐवजी मलमल आणि कोटासारखी विरळ वीण, बाह्या आखूड, सनकोट ऐच्छिक.

सगळं एकदम विकत घेऊ नका. गुढीपाडव्याच्या आठवडाभर आधी एका दुपारी कपाट रिकामं करा, पंखा बंद करून एकेक कुर्ता दहा मिनिटं अंगावर ठेवा. दहा मिनिटांत जो नकोसा होतो तो मे महिन्यात तुम्ही घालणारच नाही आहात, मग तो कितीचा का असेना. राहिलेल्यांत पँट मोजा. बहुतेकांना तीन पँट, एक सनकोट आणि स्लिपा एवढंच विकत घ्यावं लागतं. कुर्ते घरातच निघतात. नवतपा, म्हणजे सर्वात कडक उन्हाचे नऊ दिवस, मेअखेरीला येतो, त्याच्या आधी इलॅस्टिक आणि मुंढ्यांच्या शिवणी एकदा तपासून घ्या, तेव्हा शिंप्याकडे जायचं त्राण उरत नाही.

मृग लागला की संच आवरायचा. साड्यांमधला स्टार्च धुऊन काढूनच ठेवा, कसर त्याच्यावरच येते. पांढऱ्या पँट पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. पहिल्या पावसाच्या ओलीत राहिलेल्या घडीवर काळे ठिपके पडतात आणि पुढच्या पाडव्याला पाचातल्या दोन पँट पुन्हा घ्याव्या लागतात.