वाचकांचे प्रश्न : परक्या वाहिनीवर आपला कार्यक्रम

प्रश्न : इथले फिलिपिनो सहकारी सांगतात की एबीएस-सीबीएन या त्यांच्या टीव्ही कंपनीचा परवाना २०२० मध्येच गेला. तरी तिचे कार्यक्रम तिकडच्या इतर वाहिन्यांवर कसे लागतात? (एक वाचक, दुबई)

उत्तर : फिलिपिन्समध्ये प्रक्षेपण करायचे तर संसदेने कायदा करून दिलेला परवाना, म्हणजे फ्रँचायझी लागते. एबीएस-सीबीएनची २५ वर्षांची मुदत ४ मे २०२० रोजी संपली. दुसऱ्याच दिवशी दूरसंचार आयोगाने प्रक्षेपण थांबवायला लावले आणि १० जुलैला कनिष्ठ सभागृहाच्या समितीने नवी फ्रँचायझी ७० विरुद्ध ११ मतांनी नाकारली. कंपनीने गमावला तो प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी वापरण्याचा हक्क. कार्यक्रम तयार करायला फ्रँचायझी लागत नाही.

म्हणून तिने ज्यांच्याकडे फ्रँचायझी होती त्यांचे दार ठोठावले. १० ऑक्टोबर २०२० पासून झोई ब्रॉडकास्टिंगच्या ११ क्रमांकाच्या वाहिनीवर ‘ए टू झेड’ या नावाने तिचे कार्यक्रम सुरू झाले, जानेवारी २०२१ मध्ये काही टीव्ही ५ वर गेले. १ जुलै २०२३ ला ‘इट्स शोटाइम’ हा दुपारचा कार्यक्रम जीएमए कंपनीच्या जीटीव्ही या दुय्यम वाहिनीवर आला आणि ६ एप्रिल २०२४ ला थेट जीएमएच्या मुख्य वाहिनीवर. जीएमए म्हणजे तिची अनेक दशकांची कट्टर प्रतिस्पर्धी! प्रेक्षक टिकवायचा तर हाच मार्ग होता, आणि तो कायद्यात बसतो. दुसऱ्याच्या वाहिनीवर वेळ घेऊन आपला कार्यक्रम दाखवण्याच्या या व्यवहाराला तिकडे ‘ब्लॉकटाइम’ म्हणतात.

प्रश्न : यात पैसे कोण कोणाला देतो? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : निव्वळ ब्लॉकटाइममध्ये निर्माता वाहिनीला ठरावीक रक्कम देतो आणि जाहिराती स्वतः विकतो. दुसऱ्या प्रकारात जाहिरातीचे उत्पन्न दोघांत वाटले जाते. तिसऱ्यात दोघे मिळून निर्मिती करतात. जोखीम सर्वांत जास्त पहिल्या प्रकारात.

हिशेब मांडून पाहा. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. एका तासाचे भाडे १० लाख पेसो (तिकडचे चलन) आणि निर्मितीखर्च ८ लाख. जाहिरातींना १५ मिनिटे, म्हणजे ३० सेकंदांचे ३० स्पॉट, अर्थात जाहिरातीचे तुकडे. सगळे विकले तर प्रत्येकामागे ६० हजार हातात पडायला हवेत. एजन्सीचे १५ टक्के कमिशन धरले तर दर सुमारे ७०,६०० लावावा लागेल. विकले फक्त २०, तर तोच दर १,०५,९०० च्या आसपास जातो. रेटिंग घसरल्यामुळेच स्पॉट पडून राहिलेले असतात, तेव्हा वाढीव दर देणार कोण? भाडे मात्र एका पेसोनेही कमी होत नाही.

याहून मोठा घोळ रोख पैशाचा. वाहिनीला भाडे आगाऊ किंवा महिन्याच्या महिन्याला हवे असते. जाहिरातदाराचा पैसा एजन्सीमार्फत अनेकदा ६० ते ९० दिवसांनी येतो. महिन्याला २२ भाग धरले तर वरच्या हिशेबाने तीन महिन्यांत भाडे आणि निर्मिती मिळून जवळपास १२ कोटी पेसो आधी बाहेर पडतात. एवढी तरतूद नसलेला निर्माता कार्यक्रम गाजत असतानाही थकबाकीत जातो, आणि थकबाकी वाढली की वाहिनी वेळ काढून घेते.

प्रश्न : करारात काय पाहावे? (लघुपट निर्माती, कोल्हापूर)

उत्तर : सर्वांत आधी नाव कोणाचे, ते. ‘ईट बुलागा’ हा फिलिपिन्समध्ये १९७९ पासून चालत आलेला दुपारचा कार्यक्रम. टेप ही निर्मिती कंपनी तो १९९५ पासून जीएमएवर वेळ घेऊन दाखवत होती. ३१ मे २०२३ रोजी टिटो, विक आणि जोई हे मूळ सूत्रसंचालक कंपनीतून बाहेर पडले आणि १ जुलैला टीव्ही ५ वर नव्या नावाने उभे राहिले. जानेवारी २०२४ मध्ये मरिकिना येथील न्यायालयाने नावाच्या वादात या तिघांच्या बाजूने निकाल दिला. टेपकडे वेळ होती, पण ना ते चेहरे राहिले ना ते नाव. नाव बदलून चालवलेला तिचा कार्यक्रम २ मार्च २०२४ ला बंद पडला. म्हणून शीर्षक, बोधचिन्ह, शीर्षकगीत आणि जुने भाग कोणाच्या मालकीचे, हे पहिल्या चित्रीकरणाआधी कागदावर आणा.

मग दंडाचे कलम. टीव्ही कार्यक्रमांवर नजर ठेवणाऱ्या एमटीआरसीबी मंडळाने ‘इट्स शोटाइम’ला १२ प्रक्षेपण दिवसांसाठी निलंबित केले होते. १४ ते २७ ऑक्टोबर २०२३ या काळात त्या जागी दुसरा कार्यक्रम द्यावा लागला. अशा दिवसांचे भाडे माफ होणार का, पर्यायी कार्यक्रम कोण देणार, आणि ठळक बातमीसाठी वाहिनीने वेळ कापली तर बुडालेल्या स्पॉटची भरपाई कशी, हे स्पष्ट लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका.

प्रश्न : आपल्याकडे असे चालते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दूरदर्शनवर प्रायोजित कार्यक्रमांचा निर्माता टेलिकास्ट फी भरतो आणि बदल्यात मिळालेली जाहिरातीची वेळ विकतो, ती पद्धत बरीच जवळची. खासगी मराठी वाहिन्यांवर मालिकांचे गणित सहसा उलटे : वाहिनी निर्मात्याला भागामागे पैसे देते, जाहिराती स्वतः विकते आणि हक्कही बहुधा स्वतःकडे ठेवते.