पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को की फोंडा? एवढ्याशा गोव्यात फरक तो काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी पुण्याहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत येताय, या पाचांपैकी कुठे राहावं, आणि सगळं राज्य दोन-तीन तासांत पालथं घालता येतं तर शहराशहरांत फरक असून असून किती असणार? शिवाय मराठीवर निभेल का? मी फोंड्याचा. फोंड्याला झुकतं माप मिळणार, तेवढं वजा करून वाचा.

गोव्याचं क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर, पुणे जिल्ह्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. पण इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही, मध्ये नद्या आहेत. मांडवीवर पूल झाला १९७० साली, जुवारीवर १९८३ साली. तोवर पलीकडे जायचं म्हणजे फेरीबोट, आणि मांडवीचा तो पूल १९८६ च्या पावसाळ्यात कोसळला तेव्हा पुन्हा फेरीबोटच. आमच्या आधीच्या पिढीतल्या पुष्कळांना पलीकडचा तालुका परमुलखासारखाच होता. दुसरी गोष्ट, तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेले. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे अठराव्या शतकात. मधली दोनशे वर्षं आजही जेवणात, देवळांत, नाटकात दिसतात.

माझं मत असं की म्हापसा, मडगाव आणि फोंडा ही मुळात आपापल्या महालाची बाजारगावं. आजूबाजूची खेडी जशी, तसं शहर. पणजी आणि वास्को मात्र कामासाठी उभी केलेली, एक सरकारने आणि दुसरं बंदराने. हे एकदा लक्षात घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

म्हापसा बघायचा तर शुक्रवारी, सकाळी दहाच्या आत. एरवी ते वाहनांच्या गर्दीचं, साधंसं तालुक्याचं गाव वाटेल. शुक्रवारी अख्खा बार्देश तिथे उतरतो. मयड्याची जाडजूड केळी, मातीची मडकी, चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या मसालेदार सॉसेजच्या, माळा, सुक्या मिरच्यांचे ढीग, पावसाळ्याच्या तोंडावर कलमं. मिरची विकणारी बाई तुम्हाला आधी आपादमस्तक न्याहाळते, मग भाव सांगते. परक्याचा भाव वेगळा असतो हे ती लपवतही नाही. घासाघीस केलीत तर खूश होते, गुपचूप पैसे दिलेत तर शेजारणीकडे बघून हसते. मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी सुरू झाली की पाय ठेवायला जागा नसते. सुकी मासळी, मिरची, कोकम, कांदे, चार महिन्यांची बेगमी. याच गावात मिलाग्र सायबिणीचं, म्हणजे चर्चमधल्या मेरीमातेचं, फेस्त आणि बोडगेश्वराची जत्रा, दोन्हींना सगळ्या धर्मांचे लोक. या सायबिणीला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. फेस्ताला लईराईकडून तेल येतं, लईराईच्या जत्रेला इकडून मोगऱ्याची फुलं जातात. याबद्दल कुणी भाषण ठोकत नाही, दरवर्षी होतं म्हणून होतं.

मडगाव आणि पणजी यांचं जुनं, गोड भांडण आहे. मडगावकराला वाटतं पैसा आणि डोकं दोन्ही आपल्याकडे, पणजीला फक्त खुर्च्या. त्याचं अगदीच चुकत नाही. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ ला सविनय कायदेभंगाची सभा घेतली ती मडगावात. पणजीला काय मिळालं, तर त्या तारखेचं नाव दिलेला खरेदीचा रस्ता! मडगाव व्यापाऱ्यांचं आणि वाद घालणाऱ्यांचं गाव. सासष्टीचं तियात्र म्हणजे कोंकणी संगीत नाटक, फातोर्ड्याच्या मैदानावरचा फुटबॉल आणि कार्तिकातली दिंडी हे सगळं एकाच गावात मावतं. दिंडीच्या रात्री भर रस्त्यात बैठका मांडून नावाजलेले गायक गातात आणि लोक कडेला बसून ऐकतात. ग्रामदैवत दामोदर सोळाव्या शतकात जांबावलीला गेला तो तिथेच राहिला, पण शिमग्यात गुलाल खेळायला मडगावकर अजूनही तिकडे लोटतात. रहदारी आणि कचरा यांबद्दल मात्र मडगावकरापुढे बोलू नका. तो स्वतःच तासभर बोलेल.

पणजी दिसायला सगळ्यांत देखणी, यात वाद नाही. राजधानी जुन्या गोव्याहून इकडे अधिकृतपणे आली १८४३ साली. शहर आखून बांधलेलं, त्यामुळे रस्ते सरळ आणि नदीकाठ मोकळा. गोव्यातली एकमेव महानगरपालिका इथली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या जेमतेम चाळीस हजार! मडगाव आणि मुरगाव (वास्को याच पालिकेत येतं) दोन्ही पालिका त्याच्या दुपटीहून मोठ्या. दिवसा बाहेरून नोकरदार येतात, संध्याकाळी निघून जातात. दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच जुनी दुकानं बंद, त्यावर रागावून उपयोग नाही. कला अकादमी आहे, नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, मांडवीत कॅसिनोच्या बोटी असतात. रात्रभर दिव्यांनी चमचमणाऱ्या त्या बोटी मला शहराच्या गळ्यात खोटे दागिने घातल्यासारख्या वाटतात. राहायला महाग. शेजारी कोण हे वर्षभर कळलं नाही तरी चालत असेल तर जरूर राहा.

वास्कोला लोक उगाच नाकं मुरडतात. मुरगाव बंदर, १८८८ साली पूर्ण झालेली रेल्वे, गोवा शिपयार्ड, दाबोळी विमानतळ, नौदल यांच्या जिवावर उभं राहिलेलं हे शहर देशभरातून आलेल्यांचं आहे. हिंदी सर्रास चालते, नवख्याला कुणी ‘भायलो’, म्हणजे बाहेरचा, म्हणून तिरक्या नजरेने बघत नाही. कोळशाच्या धुळीची तक्रार तिथले लोक वर्षानुवर्षं करताहेत, ती मात्र खरी. आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासूनचा दामोदराचा सप्ताह एकदा बघाच. चोवीस तास अखंड भजन, रात्री वेगवेगळ्या धंद्यांच्या लोकांचे पार, म्हणजे भजनी मिरवणुका, वाजतगाजत येतात.

आता फोंडा. शहर म्हणून फारसं काही नाही. तिस्क नाक्यावर वाहनांचा गुंता, वरच्या बाजारात अरुंद रस्ते, समुद्र नाही. पण हा अंत्रुज महाल, फोंडा भागाचं जुनं नाव. पोर्तुगीज देवळं पाडत होते तेव्हा हा मुलूख आदिलशाहीत होता, म्हणून कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ इकडे आले. देवळांबरोबर गाणं आलं: मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी, केरीच्या केसरबाई, सगळे इथलेच. आजही जत्रेला वाड्यावरची माणसं स्वतः नाटक बसवतात. बँकेतला कारकून संभाजी होतो, दुकानदार औरंगजेब. मी बरीच वर्षं पडद्याआड प्रॉम्प्टिंग करतो. नटापेक्षा मला संवाद जास्त पाठ असतात, पण हार मात्र कुणी घालत नाही.

चतुर्थीच्या आधी माटोळीचा बाजार भरतो तो चुकवू नका. गणपतीच्या डोक्यावर बांधायची रानफळं: आंबाडे, तोरिंजन, कांगलां, घागऱ्या, कवंडळ, सुपारीचे कातरे. सत्तरी, धारबांदोड्याकडचे लोक रानातून आणून रस्त्याकडेला मांडतात. नावं इथल्या मुलांनाही धड येत नाहीत, म्हातारे विचारून विचारून त्यांना जेरीस आणतात.

मराठीवर निभेल का? फोंडा, डिचोली, पेडणे या भागांत तर घरोघरी सकाळी मराठी पेपरच येतो. सासष्टीच्या खेड्यांत कमी. पण तुम्ही मराठीत बोला, समोरचा कोंकणीत उत्तर देईल, दोघांनाही कळेल. दोन-तीन महिन्यांत तुम्हीही ‘कितें’ म्हणायला लागाल.

वेर्ण्याला रोज जायचं तर सोयीचं मडगाव, नाहीतर वास्को. म्हापशाहून दोन नद्या ओलांडाव्या लागतील, विचारही करू नका. फोंड्याहून बोरीच्या पुलावरून लोटलीमार्गे येता येतं, पण घर भाड्याने घेण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला त्या पुलावरून एकदा गाडी घालून बघा. नाटकाचा नाद असेल तर तेवढं सोसेल, नसेल तर मडगावच घ्या.