"काय आलं नाही?" हे विचारा (नवऱ्याचं इंजेक्शन मेल-ऑर्डरमध्ये अडकलंय, त्याबद्दल)

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. नवऱ्याची नवी नोकरी, १ तारखेपासून नवा विमा, त्याचं सोरायसिसचं इंजेक्शन संपत आलेलं. मेल-ऑर्डरवाले (औषध घरपोच पाठवणारी फार्मसी) म्हणतात "डॉक्टरांकडून काही आलं नाही", डॉक्टरांकडचे म्हणतात "आम्ही दोनदा फॅक्स केला". सोरायसिसच्या जागी माझा रुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे संधिवात, घाला, की ही आमचीच चार वर्षांपूर्वीची जानेवारी.

इथे अमेरिकेत जुन्या विम्याने औषधाला दिलेली मंजुरी नव्याकडे चालत नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. त्यात शिरत नाही.

मी चूक केली ती अशी. दर तीन दिवसांनी फोन करून मी विचारायचे, "आलं का?" उत्तर ठरलेलं: "नाही, तीन ते पाच बिझनेस डेज थांबा." असे अकरा फोन. कॅलेंडरच्या मागे तारखा लिहून ठेवल्या होत्या, पण बोललेल्या माणसाचं नाव किंवा रेफरन्स नंबर एकदाही घेतला नाही. बाराव्या फोनला एक जरा वयस्कर बाई भेटल्या. त्यांनीच उलट विचारलं, "नक्की कशाची वाट बघताय? प्रिस्क्रिप्शनची की पीएची, म्हणजे विम्याच्या पूर्वमंजुरीची?"

तिथे डोक्यात प्रकाश पडला. पाटी एक असली तरी आत दुकानं दोन असतात. एक औषध पाठवणारी फार्मसी, दुसरा प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे पूर्वमंजुरी, देणारा विभाग. फॅक्स नंबरही वेगळे. आमच्या डॉक्टरांकडच्या मुलीने मंजुरीचा फॉर्मसुद्धा फार्मसीच्याच नंबरवर पाठवला होता. तिथे तो कुठल्या ढिगात गेला देव जाणे. मंजुरीवाले म्हणायचे "आमच्याकडे अर्जच नाही", आणि ते खरंच होतं! कोणीच खोटं बोलत नव्हतं, आणि माझे पंधरा दिवसांनी घ्यायचे तीन डोस हुकले. सकाळी कुकरचं झाकण फिरवता येईना. मुलगा शाळेत जायच्या आधी ते उघडून द्यायचा आणि मी नळाखाली गरम पाण्यात हात धरून उभी. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहून झाकण उघडणार नाही.

तेव्हा आज फोन केलात की विचारा: प्रिस्क्रिप्शन आहे का? मंजुरीचा अर्ज नोंदला गेलाय का, कुठल्या तारखेला? नसेल तर त्या विभागाचा फॅक्स नंबर द्या. तो डॉक्टरांच्या ऑफिसला स्वतः कळवा, आणि अर्जावर "अर्जंट" लिहायला सांगा. खरोखर डोस चुकत असेल तर डॉक्टर तसं लिहून देऊ शकतात, आणि मग सहसा ७२ तासांत उत्तर येतं. शिवाय नवऱ्याला शेजारी बसवून फोन करा. त्याने "हिच्याशी बोला" म्हटल्याशिवाय तुम्हाला कोणी काही सांगणार नाही.

आता माझं ठाम मत, पटलं तर घ्या. आपण त्या मेल-ऑर्डर कंपनीचं गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक म्हणजे नवऱ्याची कंपनी, करार तिचा. रागावून दुसरीकडे जायचीही सोय नाही. केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या विम्यांसाठी औषधांचा कारभार बघणाऱ्या तीन कंपन्या मिळून अमेरिकेतली जवळपास ८० टक्के प्रिस्क्रिप्शन्स हाताळतात, असं एफटीसी या तिथल्या सरकारी व्यापार आयोगाच्या २०२४ च्या अहवालात आहे. त्यामुळे एचआरमध्ये बेनिफिट्स बघणाऱ्या माणसाला ईमेल करा, तारखांसकट, चार ओळींत. आमच्याकडे अकरा फोनांनी झालं नाही ते त्या एका ईमेलने दोन दिवसांत झालं. "नवीन नोकरी, कुरकुरे म्हणतील" म्हणून आम्ही सहा आठवडे गप्प बसलो होतो. व्हिसा कंपनीच्या हातात असला की माणूस असा घाबरतो, तुम्ही तसं करू नका. (आजाराचं नाव सांगायची गरज नाही, "नियमित औषध अडकलंय" पुरे.)

कोणी राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करायला सांगेल. आधी बघा, प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का, म्हणजे उपचारांचे पैसे कंपनी स्वतःच भरते का. मोठ्या कंपन्यांचे बरेचदा असतात, आणि मग राज्याचं काही चालत नाही, केंद्राच्या कामगार खात्याकडे जावं लागतं. उद्या नकार आलाच तर फोनवर भांडून ते अपील धरलं जाईल असं गृहीत धरू नका. लेखी द्या. मुदत सहसा १८० दिवस असते, पण नकाराच्या पत्रात काय छापलंय तेच खरं.

मी आयटीतली बाई, डॉक्टर नाही, वकील तर नाहीच. हे सगळं नोकरीतून मिळणाऱ्या विम्याबद्दल. मेडिकेअरचे (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे) नियम वेगळे. डोस चुकला तर पुढचा कधी घ्यायचा ते डॉक्टरांनाच विचारा. आणि त्यांच्याकडे सॅम्पल आहे का हेही विचारा, लाजू नका, मला चौथा डोस तसाच मिळाला. "भारतातून मागवा" म्हणणारे भेटतील. फ्रीजमधलं इंजेक्शन कोणाच्या तरी बॅगेतून वीस तास प्रवास करून येणार, मी तरी टोचून घेणार नाही.

औषध निघालं की डिलिव्हरी शुक्रवारी घेऊ नका. ट्रक चुकला तर खोका शनिवार-रविवार गोदामात पडतो, आणि आतल्या बर्फाच्या पिशव्या तोवर पाणी झालेल्या असतात. मंगळवार किंवा बुधवार मागा, सहीशिवाय ठेवू नका म्हणून सांगा. काय होतंय ते इथेच लिहा, फॅक्स नंबर मिळाला का तेही.