वाचकांचे प्रश्न : पूलची स्टिक घडवताना

प्रश्न : घरी लाकूड कातायचा लेथ आहे. पूलच्या (बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या) स्टिक बनवून विकायच्या आहेत. पण पावसाळ्यात केलेला शाफ्ट, म्हणजे स्टिकचा पुढचा निमुळता भाग, उन्हाळ्यात वाकला. काय चुकलं? — एक वाचक, जालना

उत्तर : एका दमात बारीक केलात, तेच चुकलं. हार्ड मेपल या कठीण लाकडाचा सरळ रेषांचा तुकडा घ्या. रेषा तिरप्या असतील तर तो आज ना उद्या वाकणारच. आधी २५ मिमी गोल करून उभा टांगा. भिंतीला टेकवू नका, पत्र्याखाली तर नकोच. मग दर खेपेला जेमतेम १ मिमी काढा आणि मध्ये महिनाभर जाऊ द्या. कापलं की आतला ताण सुटतो. मधल्या खेपेत आलेला बाक पुढच्या खेपेत निघतो, शेवटच्या खेपेतला निघत नाही. आपल्याकडे मे महिना कोरडाठाक आणि ऑगस्ट दमट, म्हणून लाकडाने दोन्ही पाहिल्यावरच टोक १३ मिमीवर आणा. लगेच सीलर (दमटपणा रोखणारा लेप) लावा, स्टिकचा मागचा भाग जिथे जोडतात त्या भोकातही. बहुतेक जण तेवढंच विसरतात.

विक्रीचं म्हणाल, तर ओळख व्हावी म्हणून आधी क्लबातल्या स्टिकच्या टिप (टोकावरच्या चामड्याच्या टोप्या) बदलून द्या. फेरूलचा, म्हणजे टिपखालच्या कड्याचा, माथा सपाट घासा, जुना गोंद पूर्ण काढा. कण राहिला तरी टिप उडते.