ऑफिसातलं झेरॉक्स मशीन मधूनच नेटवर्कवरून गायब होतं, बोर्ड बदलावा का?

बोर्ड इतक्यात बदलू नका. तुम्ही लिहिलंय की पणजीच्या ऑफिसातलं मशीन दिवसातून दोन-तीनदा सगळ्या कॉम्प्युटरांवर ‘ऑफलाइन’ दिसतं, बंद करून चालू केलं की पुन्हा काही तास नीट चालतं, आणि सर्व्हिसवाला नेटवर्क बोर्डाचं कोटेशन ठेवून गेलाय. मी फोंड्याला असतो, बरीच वर्षं हीच मशीनं उघडतोय. खराब बोर्ड पाहिलेत मी, नाही असं नाही, पण ते बहुधा एकदा गेले की गेलेच. दिवसातून तीनदा रुसून परत येणाऱ्या मशीनचं दुखणं बहुतेक वेळा मशीनच्या बाहेर निघतं.

‘बंद-चालू केलं की चालतं’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. मशीन सुरू होताना स्वतःहून नेटवर्कवर हाळी देतं की हा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, माझा, आणि बाकीचे कॉम्प्युटर आपली नोंद सुधारून घेतात. स्विचशी, म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडतात त्या डब्याशी, केबलचं बोलणंही नव्याने सुरू होतं. त्यामुळे दोष आयपीचा असो की केबलचा, रीस्टार्ट केलं की तो थोडा वेळ झाकला जातो. पुढच्या वेळी मशीन गेलं की आधी कुणालाही बटणाला हात लावू देऊ नका. मागे केबल खोचली आहे तिथला बारीक दिवा पेटलाय का बघा, किती वाजले ते लिहून ठेवा, आणि एका कॉम्प्युटरवरून मशीनच्या आयपीला पिंग करा, म्हणजे कमांड विंडोत ‘पिंग’ आणि तो आयपी टाकून उत्तर येतंय का बघा.

पिंगला उत्तर येतंय, मशीनची केबल उपटली की ते थांबतंय, आणि तरी विंडोज ऑफलाइन म्हणतंय, तर मशीन निर्दोष आहे. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट बघा. डब्ल्यूएसडी पोर्ट (विंडोजने आपोआप शोधून जोडलेला) असेल तर त्याऐवजी स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट करा आणि त्याच्या कॉन्फिगरमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’वरची (मशीनला सारखी हालहवाल विचारायची) टिक काढा. तेवढ्यावर भागतं.

दिवा पेटलेला आहे पण पिंग लागत नाही, कधी लागतं कधी नाही, किंवा केबल उपटूनही उत्तर येतच राहतं, तर मला संशय आयपीचा. डिचोलीच्या एका ऑफिसात असंच होतं. शिपाई रोज सकाळी फोन करायचा, ‘सर, परत गेलें!’ मी जाईपर्यंत त्यांनी रीस्टार्ट मारलेलं असायचं. एकदा मुद्दाम ऑफिस उघडायच्या वेळीच जाऊन बसलो. मशीन गेलं तशी मागची केबल उपटली आणि पिंग चालू ठेवलं. केबल माझ्या हातात, आणि स्क्रीनवर ‘रिप्लाय फ्रॉम’ येतच होतं! म्हणजे त्या आयपीवर दुसराच कुणीतरी बसला होता. ‘एआरपी -ए’ कमांड देऊन त्या आयपीमागचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा नेटवर्क नंबर) काढला, तो मशीनच्या कॉन्फिगरेशन पेजवरच्या मॅकशी जुळेना. शोधत गेलो तर हिशेबनिसाचा घरून आणलेला लॅपटॉप. घरी कुणीतरी त्यात हाताने आयपी भरून ठेवला होता, नेमका मशीनचाच. तो आला की मशीन जायचं.

ही केबल उपटायची चाचणी तुम्हीही करा, फुकट आहे. मात्र उत्तर आलं नाही म्हणून दुसरं कुणी नाहीच असं समजू नका. झोपलेला मोबाइल किंवा फायरवॉल लावलेला लॅपटॉप पिंगला उत्तर देत नाही. उपाय एकच: राउटरमध्ये (सगळ्यांना आयपी वाटणारा इंटरनेटचा डबा) मशीनच्या मॅकवर आयपी रिझर्व्ह करा, किंवा राउटर वाटतो त्या रेंजच्या बाहेरचा आयपी मशीनला द्या. रेंजच्या आतलाच आयपी मशीनमध्ये हाताने भरून ठेवणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. पुष्कळसे राउटर न बघता तोच आयपी कुणाच्या तरी फोनला देऊन मोकळे होतात.

मशीनचा आयपी 169.254ने सुरू होताना दिसला, तर राउटरकडून आयपी मिळालाच नाही. पावसाळ्यात लाइट येते-जाते, राउटर उठायच्या आधी मशीन उठतं, त्याचा हा परिणाम. राउटर आणि स्विच छोट्या यूपीएसवर घ्या. मशीन त्याच यूपीएसवर लावू नका, फ्यूजर (कागदावर टोनर पक्का करणारा भाग) तापताना एवढा लोड ओढतो की यूपीएसच बसेल.

आणि दिवाच विझलेला असेल तर आपल्या दमट हवेकडे बघा. गेल्या जूनमध्ये एका ठिकाणी केबल खिडकीच्या कडेने नेलेली होती, कनेक्टर काढला तर आठपैकी तीन पिनांवर हिरवट थर. वरून बघून काही कळत नव्हतं, मोबाइलच्या टॉर्चखाली दिसलं. नेटवर्कच्या 100 एमबीपीएस स्पीडला केबलमधल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला (1000) आठही. त्यामुळे एखादी तार अर्धवट असली की जोड लागतो, तुटतो, पुन्हा लागतो. नवीन कनेक्टर मारा, त्याहून बरं म्हणजे तयार केबल जमिनीवरून थेट टाकून दोन दिवस बघा. स्विचचा पोर्टही बदलून पाहा. कुणी सांगेल मशीनमध्ये स्पीड ‘100 फुल’ करून ठेवा. साधा स्विच असेल तर ते करू नका, स्विच हाफवर (एका वेळी एकाच बाजूने बोलणं) जातो आणि नवीनच त्रास सुरू होतो. ऑटोच राहू दे.

राहिली झोप. मशीन दर वेळी जेवणाच्या सुट्टीनंतर जात असेल तर स्लीपची वेळ वाढवून ठेवा. फरक पडला तर मशीनमधलं एनर्जी सेव्हिंग कमी करा, फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मागा. ते करून देणं सर्व्हिसवाल्याचं काम आहे, बोर्डाशिवायही.

दोन दिवसांच्या वेळा आणि दिवा पेटलेला होता की नाही, एवढं कमेंटमध्ये लिहा. मग पुढचं सांगतो.