घुमटावरचं कातडं

प्रिय अन्वी,

परवा गणेश चवथीची आरती संपल्यावर, पाहुणे अजून बसलेले असताना तू विचारलंस, "आई, देवाची आरती करायला तुम्ही घोरपडी मारायचात?" कुणीतरी हसून पातोळ्यांचा विषय काढला आणि तुझा प्रश्न तसाच राहिला. म्हणून लिहिते आहे. रागावून लिहीत नाही, हे आधी सांगते.

हो, मारत होतो. गोव्यात दिवाडी बेटावरच्या घरी माजघरात खुंटीला जी दोन घुमटं, म्हणजे आरतीला वाजवायची मातीची वाद्यं, टांगलेली असायची, त्यांच्यावर घोरपडीचंच कातडं होतं. बारीक खवल्यांची नक्षी बोटांना लागायची. शेतात, बांदावर घोरपड सापडली की मांस खाल्लं जायचं आणि कातडं घुमट मढवणाऱ्याकडे जायचं. लहानपणी आम्हाला त्यात विचारण्यासारखं काही वाटायचं नाही. तुला वाटलं, हे बरंच झालं.

पण "कातडं कुठलं?" एवढ्यावर घुमट संपत नाही. ते कसं बनतं ते आधी ऐक, मग तुझं तू ठरव.

घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं असलेलं मातीचं भांडं. एक तोंड मोठं, साधारण वीतभर. दुसरं लहान, तळहाताने झाकता येईल इतकं. मध्ये फुगीर पोट. मोठ्या तोंडावर कातडं चढतं, लहान तोंड कायम उघडं राहतं. भांडं डिचोलीच्या कुंभारांकडून यायचं. ते घेताना नुसतं बघून घ्यायचं नसतं. कातडं चढवण्याआधी एका हातावर अधांतरी धरायचं आणि बोटाच्या पेराने पोटावर टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर कुठेतरी केसासारखी चीर आहे, आणि कातडं ताणल्यावर ती नक्की उघडते. भिंत फार जाड असेल तर घुमट जड होतं आणि आवाज आतच बसतो. फार पातळ असेल तर काठ ताण सोसत नाही. मोठ्या तोंडाचा काठ बाहेर वळलेला हवा, कारण दोरी त्याच्याखाली अडकते. काठ सरळ असेल तर दोरी निसटते, मग कितीही आवळा.

मढवणं हे दोन माणसांचं काम. कातडं रात्रभर पाण्यात भिजवून मऊ करायचं. तोंडापेक्षा चारही बाजूंनी चार-चार बोटं मोठं कापायचं. ओलं असतानाच तोंडावर पसरून एकाने समोरासमोरच्या बाजू ओढून धरायच्या: आधी पूर्व-पश्चिम, मग दक्षिण-उत्तर, मग मधल्या कोपऱ्यांवर. एका बाजूने सुरुवात करून गोल फिरत गेलं तर शेवटी एका जागी सुरकुती जमते, आणि त्या जागी थाप मारली की घुमट खोकतं. दुसऱ्याने काठाखाली सुतळीचे वेढे घट्ट घ्यायचे. मग सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण उन्हात वरची बाजू आधी आकसते, ताण एकसारखा बसत नाही, आणि कधी कातडं फाटतं तर कधी मातीचा काठच तुटतो. सावलीत दोन-तीन दिवस गेले की कातडं आपोआप आकसून ताठ होतं. ओलं असताना ढिलं वाटलं म्हणून घाबरायचं नाही.

घोरपडीचं कातडं का, तर ते पातळ असून चिवट असतं. जाड कातडं ताणलं तरी त्याच्या स्वतःच्या वजनाने आवाज दबतो. एरवी पातळ कातडं तेवढा ताण सोसत नाही. या एका कातड्यात दोन्ही गोष्टी जमून आल्या होत्या. त्याला पर्याय शोधायची कुणाला गरज वाटली नाही, एवढंच. देवाला ते कातडं हवं होतं असं कुणी कधी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. पूजेच्या कुठल्याही नियमात ते बसत नाही.

आता वाजवणं. घुमट डाव्या मांडीवर आडवं घ्यायचं किंवा पट्ट्याने गळ्यात अडकवायचं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर. मध्यावर थाप मारली की खोल "घुम्", काठाजवळ बोट मारलं की कोरडं "टक्". पण खरी करामत डाव्या हाताची. तो लहान तोंडाजवळ असतो. तळहात जवळ नेला की आवाज खाली बसतो, दूर घेतला की वर चढतो. थाप मारून लगेच हात उघडला की आवाज घसरत वर जातो, आणि तेच घुमटाचं बोलणं. नवीन शिकणारे उजव्या हातावर सगळं लक्ष देतात आणि डावा तोंडावर दाबून ठेवतात. मग ते घुमट न वाजता मडकं वाजतं. डावा हात कधीही पूर्ण टेकू द्यायचा नाही.

घरच्या आरतीला दोन-तीन घुमटं, एक शामेळ आणि कांसाळ्यांची एक जोडी पुरते. शामेळ म्हणजे लाकडी खोडाचा ढोलासारखा तालवाद्याचा प्रकार, दोन पातळ काठ्यांनी वाजतो. लय त्याच्या हातात. घुमटवाला त्याला सोडून धावला की आरती विस्कटते, आणि आरती वेग घ्यायला लागली की धावण्याचा मोह होतोच. कांसाळी म्हणजे झांजेसारखी, पण जड काशाची. ती समोरासमोर सपाट आपटायची नाहीत, मध्ये हवा अडकते आणि आवाज फसकन मरतो. किंचित तिरकी, एकाची कड दुसऱ्याला आधी लागेल अशी मारायची. आमच्या वेळी मुलींच्या वाट्याला फार तर झांज किंवा टाळ्या यायच्या, घुमट मुलगे घ्यायचे. आता गोव्यात बायकांची घुमट पथकं आहेत आणि स्पर्धांत उतरतात. घोरपडीबद्दल विचारलंस तसा हाही प्रश्न तू कधीतरी विचारशील, म्हणून आधीच लिहून ठेवते: मुलींना घुमट न देण्याचं मला समर्थन करता येत नाही.

हेच घुमट आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी व्हायोलिनबरोबर मांडो या गाण्यांना वाजायचं. तिथे चाल संथ, हात हलका. आपल्याकडे आरत्या मराठीत, त्यांच्याकडे मांडो कोंकणीत, वाद्य एकच. दिवाडीवर हे असंच आहे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ बेटावरच्या नार्व्यात होतं, कोटितीर्थाचं तळं अजून आहे. पोर्तुगिजांच्या काळात देऊळ मोडलं, देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. त्यामुळे आमच्याकडे "देवाला जायचं" म्हणजे फेरीबोट धरायची. त्याचं कधी कुणाला वावगं वाटलं नाही.

आता बांदाबद्दल, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथे सापडतं. बेटाच्या कडेची शेतं खाजन आहेत. भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलेली ही जमीन मातीच्या बांदाने मांडवी नदीपासून वेगळी केलेली आहे. बांदाला मानस असते, म्हणजे लाकडी दाराची मोरी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने दार उघडतं आणि पाणी बाहेर जातं. भरतीला बाहेरचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. माणूस लागतो तो दुरुस्तीला. खारं पाणी आत शिरलं की भात गेलं. कोरगूट भात थोडा खार सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे. आणि बांद फुटतो कसा? बहुतेक वेळा एखाद्या बिळापासून. खेकडे आणि उंदीर बांदात बिळं करतात, पाणी त्यातून झिरपायला लागतं, बीळ रुंद होतं, एका मोठ्या भरतीला बांद खचतो.

आणि खेकडे, उंदीर खातं कोण? घोरपड.

म्हणजे ज्या बांदावर आमचं भात उभं होतं, त्या बांदाची राखण करणारा प्राणी आम्ही मारत होतो, आणि त्याच भाताच्या पिठाच्या पातोळ्या देवापुढे ठेवून त्याच्याच कातड्यावर आरती वाजवत होतो. हे कुणी मुद्दाम केलं नाही. एका घुमटाला एक घोरपड, आणि घुमट नीट ठेवलं तर बरीच वर्षं टिकतं, असा हिशेब लावला तर ते थोडकं वाटतं. पण घुमटं घरोघरी होती. तेव्हा हा हिशेब मी मांडून दाखवते आहे तो बचाव म्हणून की नुसता सांगण्यासाठी, ते मलाच नीट कळत नाही.

कायद्याने ते केव्हाच बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपडीला सगळ्यात कडक संरक्षण आहे. तरी पुढे कितीतरी वर्षं घुमटांवर तेच कातडं दिसायचं. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हटलं ते बकरीच्या कातड्याच्या घुमटाला धरून. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही आपल्याकडची घोरपड व्यापाराला बंदी असलेल्या यादीत आहे. आजोबांचं घुमट मी इथे टोरंटोला का आणलं नाही, हे तू मागे विचारलं होतंस. त्याचं कारण हे.

आपल्या घरातलं घुमट बकरीच्या कातड्याचं आहे. ते तसं वाजत नाही. बकरीचं कातडं पाठीवर जाड, पोटाकडे पातळ असतं, म्हणून एकसारखा तुकडा निवडावा लागतो. कोवळ्या बकरीचं असेल तर बरं. आतली बाजू खरवडून पातळ करावी लागते, आणि खरवडताना सुरी एकदा जरी खोल गेली तरी पुढे तिथूनच फाटतं. ते दमट हवा जास्त पितं. गोव्यात चवथ पावसाळ्यात येते, म्हणून आरतीआधी घुमट निखाऱ्यांजवळ, हात सहज टेकवता येईल इतक्याच उबेला धरून शेकतात. जास्त जवळ नेलं तर कातडं करपतं किंवा माती तडकते. इथे नेमकं उलटं होतं. हिवाळ्यात हीटरने हवा इतकी कोरडी होते की कातडं स्वतःच ताणून फाटतं. म्हणून मी ते नोव्हेंबर ते मार्च हीटरपासून लांब, कपड्यात गुंडाळून, शेजारी पाण्याची वाटी ठेवून कपाटात ठेवते. तू त्या वाटीला हसतेस ते मला माहीत आहे.

तुझा पुढचा प्रश्न मला ऐकू येतो आहे: बकरी तरी का? बकरी मांसासाठी कापली जाते, कातडं उरतं, एवढंच माझ्याकडे आहे. ते पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. प्लास्टिकचा पडदा लावायचा तर अडचण अशी की तो वाळून आकसत नाही. नुसत्या सुतळीने त्याला ताण येत नाही, धातूचं कडं आणि ते आवळायला स्क्रू लागतात, आणि मातीच्या काठाला ते सोसत नाही. पण गोंद, दुहेरी दोरी, काठावर रबराची पट्टी, असं काही करून बघता येईल. तुझी तयारी असेल तर डिचोलीहून एक कोरं भांडं मागवू, कातड्याशिवाय. कापसात आणि मग खोक्यात बांधून पाठवायला सांगते. आल्यावर आधी टिचकी मारून बघ.

नको वाटत असेल तर तसं सांग. पुढच्या चवथीला कांसाळी तुझ्याकडे.

आई