ॲसिटिलीनच्या बर्फातला १७१०चा पीक: बीमला श्रेय देण्याआधी सिलेंडर तपासा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की १० केल्विनवर ॲसिटिलीन आणि पाण्याचा मिश्र बर्फ जमवला, त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत (बीम) सोडला आणि इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये १७१० वेव्हनंबरच्या (एका सेंटिमीटरमधल्या लहरींची संख्या) आसपास पीक दिसला. गाइड म्हणतात ॲसिटाल्डिहाइड तयार झालं. पण बीम सुरू होण्याआधीच्या स्पेक्ट्रममध्येही तिथे लहानसा उंचवटा आहे, आणि तोच तुम्हाला खटकतोय. बरोबर खटकतोय. तुमचा पूर्ण स्पेक्ट्रम मी पाहिलेला नाही, त्यामुळे छातीठोक सांगत नाही, पण मला तो सिलेंडरमधला ॲसिटोन वाटतो.

बेसलाइन, बँड स्ट्रेंथ वगैरे तुम्हाला येत असणारच, त्यात जात नाही. ॲसिटिलीन नुसतं दाबून भरलं तर स्फोटाचा धोका, म्हणून ते सच्छिद्र भरावात मुरवलेल्या ॲसिटोनमध्ये विरघळवून देतात, हेही माहीत असेल. सहसा माहीत नसतं ते हे: सर्टिफिकेटवरचा ९९.६ टक्के हा आकडा बऱ्याचदा सॉल्व्हंट, म्हणजे हा ॲसिटोन, वगळून दिलेला असतो.

आम्हाला याच आकड्याने रडवलं. मुंबईतल्याच एका प्रयोगशाळेत होतो, नाव लिहीत नाही. इंडेंटमध्ये (खरेदीच्या मागणीपत्रात) मी स्पष्ट लिहिलं होतं की सॉल्व्हंटचं प्रमाण लेखी कळवावं. खरेदी विभागाने ती ओळ ‘अनावश्यक अट’ म्हणून काढून टाकली, कारण अट ठेवली तर एकच कोटेशन येत होतं. टेंडर नुसत्या ‘शुद्धता ९९.६ टक्के’वर निघालं आणि ऑर्डर सर्वात कमी दरवाल्याला गेली. तक्रार केली तेव्हा उत्तर आलं की माल स्पेसिफिकेशनप्रमाणे आहे. कागदावर होताच! बदली सिलेंडर मिळाला नाही, नवीन इंडेंट पुढच्या आर्थिक वर्षात टाका म्हणाले. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीचं थीसिसमधलं एक अख्खं प्रकरण त्यात गेलं. स्पेक्ट्रम कधी न पाहिलेल्या माणसाने शास्त्रीय अट खोडावी आणि तिची किंमत विद्यार्थ्याने मोजावी, याचा राग मला अजून आहे.

अंतराळातल्या बर्फाच्या या विषयात हा घोटाळा जास्त घातक ठरतो, कारण चुकीचं उत्तरसुद्धा पटण्यासारखं असतं. ॲसिटिलीन आणि इथेन १९९६ साली ह्याकुताके धूमकेतूत सापडले. ॲसिटोन त्याआधीच, १९८७मध्ये, सॅजिटेरियस बी२ या आंतरतारकीय ढगात सापडल्याचं जाहीर झालं होतं. म्हणजे ‘बर्फात ॲसिटोन बनला’ असं लिहिलंत तर शोधनिबंध तपासणाऱ्या रेफरीलाही नवल वाटणार नाही.

आता तपासायचं कसं? ॲसिटोनचे इतर पीक, १२३० आणि १३७०च्या आसपास, बघा. १७१०बरोबर १२३०ही डोकं वर काढत असेल तर ॲसिटोनचा संशय पक्का धरा. मग बीम न लावता निव्वळ ॲसिटिलीनचा जाड थर जमवा. जाडीबरोबर १७१० वाढला तर इलेक्ट्रॉनचा त्याच्याशी संबंध नाही. सिलेंडरचा दाब उतरत जातो तसा वायूबरोबर ॲसिटोन जास्त येतो, त्यामुळे जुन्या आणि नव्या रन जुळत नसतील तर लॉगबुकात त्या दिवशीचा रेग्युलेटरचा दाब शोधा. ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवाले (ॲसिटिलीनच्या ज्योतीत धातू मोजणारे) याच कारणासाठी ५-६ बारला सिलेंडर बदलतात.

उपाय म्हणून इथेनॉल आणि द्रव नायट्रोजनचा स्लश ट्रॅप (अर्धवट गोठलेल्या मिश्रणात बुडवलेली, वायूतली भेसळ गोठवून अडकवणारी नळी) चांगला. तो साधारण उणे ११६ अंशांवर राहतो, ॲसिटोन अडकतो आणि कमी दाबाचं ॲसिटिलीन पुढे जातं. कोरड्या बर्फाचा ट्रॅप मला पुरेसा वाटत नाही, उणे ७८ला ॲसिटोनचा बाष्पदाब अजून बराच असतो. पण ट्रॅपला थेट द्रव नायट्रोजन लावून ॲसिटिलीन साठवू नका, आणि लाइनमध्ये तांबं किंवा चांदी कुठेही नको, त्यांच्याशी बनणारे ॲसिटिलाइड स्फोटक असतात. मी सुरक्षा अधिकारी नाही. तुमच्या अधिकाऱ्याला दाखवूनच हे करा.

कॅल्शियम कार्बाइडपासून वायू स्वतः बनवा, असा सल्ला कुणी देईल. ॲसिटोन टळेल, पण फॉस्फीन येईल, आणि त्याचा बँड २३२०च्या आसपास, कार्बन डायऑक्साइडच्या शेजारीच. शिवाय ते विषारी. मी त्या वाटेला जाणार नाही.

जाता जाता: २८५० ते २९६०मध्ये काही दिसलं तर हायड्रोकार्बन सापडला म्हणून खूश होण्याआधी वायू न सोडता खिडकी (बर्फ जमवायची चकती) थंड करून एक ब्लँक घ्या. रोटरी पंपाचं तेल तिथेच दिसतं. आणि केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइडच्या) खिडक्या असतील तर जून ते सप्टेंबर डेसिकेटरबाहेर ठेवू नका, आपल्या दमट हवेत त्या बघता बघता धुरकटतात.

बीमच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही स्पेक्ट्रम १८०० ते १२०० या पट्ट्यात टाका, बघून सांगतो. नवीन इंडेंट टाकत असाल तर सॉल्व्हंटची अट शेऱ्यात न लिहिता स्पेसिफिकेशनच्या रकान्यातच लिहा आणि गाइडची सही त्या ओळीशेजारी घ्या.